संध्याकाळची भूक, चटकमटक खाण्याची तलफ आणि मुंबईची दिनचर्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत राहणाऱ्या, रोज लोकलने ये-जा करणाऱ्या आणि घरी पोहोचेपर्यंत बाहेरचे काहीतरी खाल्ल्याशिवाय ज्यांचा दिवस पुरा होत नाही, अशा वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. मधुमेहाची किंवा इतर काही औषधे चालू असतील तर कृपया शेवटचा प्रश्न आधी वाचावा.

जंक फूड नेमके कशाला म्हणायचे? वडापावही त्यातच येतो का?

ज्या पदार्थांत मीठ, साखर किंवा स्निग्धांश भरपूर असतो आणि प्रथिने, तंतू व जीवनसत्त्वे नावापुरतीच असतात, त्यांना सर्वसाधारणपणे जंक फूड म्हटले जाते. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नोव्हा’ नावाचे वर्गीकरण मांडले असून, त्यात पदार्थावर कारखान्यात किती आणि कशासाठी प्रक्रिया झाली यावरून अन्नाचे चार गट केले आहेत. वेफर्स, क्रीमची बिस्किटे, इन्स्टंट नूडल्स आणि शीतपेये ही त्यांतल्या शेवटच्या, म्हणजे अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या गटात मोडतात.

गाडीवरचा वडापाव या गटात सरळ बसत नाही, कारण त्यातला बटाटा, बेसन, लसूण आणि मिरची हे सगळे ओळखीचे, समोर शिजलेले अन्न असते. तरीही मैद्याचा पाव, तळण आणि मीठ यांमुळे एका वडापावातून साधारण तीनशे किलोकॅलरी मिळतात आणि प्रथिने मात्र थोडीच मिळतात. आमच्या मते महिन्यातून दोन-तीनदा चवीने खाल्लेल्या वडापावाची चिंता करण्याचे कारण नाही. तो रोज संध्याकाळी खाल्ला जातो आणि त्यानंतर घरी रात्रीचे पूर्ण जेवणही होते, तेव्हा मात्र विचार करावा लागतो.

पोट भरलेले असतानाही तळलेले किंवा गोड खावेसे का वाटते?

भूक हळूहळू वाढते आणि ती वरण-भाताने, पोळी-भाजीने, कशानेही शमते. तलफ अचानक येते आणि तिला एकच ठरावीक पदार्थ हवा असतो. भूक वाढवणारे घ्रेलिन आणि तृप्तीची सूचना देणारे लेप्टिन ही संप्रेरके पहिल्या गोष्टीत मोठी भूमिका बजावतात. दुसऱ्या गोष्टीत मेंदूतील डोपामाइनचा आणि सवयीचा वाटा मोठा असतो. एखादी जागा, वेळ, वास किंवा आवाज आणि त्यापाठोपाठ मिळणारी चव यांची जोडी पुरेशा वेळा जुळली, की पुढे नुसत्या त्या वासानेही खाण्याची ओढ लागते.

त्यातच हे पदार्थ मऊ, चटकन चावून गिळता येणारे आणि थोडक्यात भरपूर ऊर्जा देणारे असतात, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव होण्यापूर्वीच बरेचसे खाऊन झालेले असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे पाहण्यासारखा आहे. वीस प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न देण्यात आले. दोन्ही आहारांत समोर ठेवलेली ऊर्जा, साखर, स्निग्धांश, तंतू आणि मीठ सारखेच होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेले अन्न मिळत असताना तीच माणसे दिवसाला सुमारे पाचशे किलोकॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. साध्या अन्नावर ते साधारण तितकेच उतरले.

माझा मनावर ताबाच राहत नाही. निग्रह कसा वाढवावा?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या स्वरात बहुतेक वेळा अपराधीपणा असतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

निग्रहाकडे वळण्यापूर्वी एक दिवस घड्याळ मांडून पाहावे. मुंबईत नोकरी करणारी पुष्कळ माणसे सकाळी सातच्या सुमारास चहा-बिस्किटावर घर सोडतात, एक वाजता डबा खातात आणि रात्री साडेनऊ-दहाला जेवायला बसतात. म्हणजे दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात साडेआठ-नऊ तासांचे अंतर पडते आणि या अंतरात बहुधा दोन चहांपलीकडे काहीही नसते. डबाही हलका असतो: तीन पोळ्या, कोरडी भाजी, क्वचित लोणचे, आणि वरण सांडेल म्हणून घरीच राहिलेले. ही भाजी बटाट्याची असेल तर त्या जेवणात प्रथिने फारच थोडी जातात आणि चार वाजताच पोटात खड्डा पडतो.

यापुढे साडेसहाला सुटलेला माणूस कोणत्या वाटेने जातो तेही पाहावे. कार्यालयाच्या फाटकाशी सँडविचवाला असतो, रिक्षाच्या रांगेजवळ चायनीज भेळेची गाडी असते, स्टेशनच्या पुलाखाली समोसे तळले जात असतात आणि फलाटावरच्या स्टॉलवर क्रीमरोलपासून शीतपेयांपर्यंत सगळे मांडलेले असते. सहा तास उपाशी असलेल्या, दिवसभर डोके शिणलेल्या माणसाने या सगळ्यांसमोरून रोज रिकाम्या पोटी जावे आणि कशालाही हात लावू नये, ही अपेक्षाच अवाजवी आहे. जे तिथे खातात ते दुबळे असतात असे मानण्याचे कारण नाही. त्यांना खरोखरच भूक लागलेली असते आणि त्या वेळी समोर जे असते तेच खाल्ले जाते.

म्हणून आमचा सल्ला असा आहे की संध्याकाळचा मोह संध्याकाळी आवरण्याचा प्रयत्न सोडून द्यावा आणि त्याची तजवीज दुपारी करावी. डब्यात उसळ, घट्ट वरण, पनीर, अंडी किंवा मासळी यांपैकी काहीतरी असावे, वाटीभर दही असावे, आणि साडेचार-पाचच्या दरम्यान ठरवून खाणे व्हावे. एवढा एक बदल निष्ठेने केला तरी स्टेशनवरची ओढ बरीच उतरते.

मग साडेचार-पाचला नेमके काय खावे?

जे बॅगेत दिवसभर टिकेल, चमच्याशिवाय खाता येईल आणि गर्दीत सांडणार नाही असे काहीही चालेल, मात्र त्यात थोडी प्रथिने आणि थोडे तंतू असावेत. भाजलेले चणे किंवा फुटाणे आणि शेंगदाणे यांची मूठभर जोडी हा मुंबईत सर्वांत सोपा, स्वस्त आणि आमच्या मते सर्वांत चांगला पर्याय आहे. त्यासोबत एक पेरू किंवा केळे असले की पोट दोन-अडीच तास शांत राहते. घरी सकाळी वेळ मिळत असेल तर मटकीला किंवा मुगाला मोड आणून ते वाफवावेत आणि त्यांत कांदा, लिंबू, चाट मसाला घालून न्यावेत. उन्हाळ्यात मात्र मोड आलेले कडधान्य डब्यात चटकन आंबते, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत ते टाळलेलेच बरे. उकडलेली अंडी वातानुकूलित कार्यालयात ठीक, पण ती तासन्‌तास उकाड्यात ठेवू नयेत.

डबा नेणे शक्य नसेल तर बाहेरही मार्ग आहेत. उडुपी हॉटेलात दोन इडल्या आणि सांबार मिळते, भेळवाल्याकडून शेव कमी आणि कांदा, टोमॅटो, चणे जास्त अशी सुकी भेळ करून घेता येते, स्टेशनबाहेर उकडलेल्या शेंगा, भाजलेले कणीस किंवा चणेवाला दिसतो. ताक मिळाल्यास तेही घ्यावे, मात्र त्यातल्या मिठाकडे लक्ष असावे. नुसत्या चहासोबत दोन बिस्किटे हे या वेळचे खाणे समजू नये, कारण त्यांत मैदा आणि साखरच प्रामुख्याने असते आणि तासाभरात पुन्हा भूक लागते.

खाऊन निघालो तरी तळणाच्या वासाने पावले अडखळतात. त्याला काय करावे?

तलफ ही सतत चढत जाणारी गोष्ट नसते. ती चढते, काही मिनिटे टिकते आणि लक्ष दुसरीकडे गेल्यास बहुतेक वेळा उतरते. त्यामुळे त्या दहा-पंधरा मिनिटांपुरती काहीतरी योजना हवी. स्टेशनला दोन जिने असतील तर गाडीवरून न जाणारा जिना धरावा. पाणी पिऊन घ्यावे. घरी फोन करायचा असेल तर तो तिथूनच चालताना करावा. सुटे पैसे आणि मोबाइलवरून पैसे देण्याची सोय दोन्ही हाताशी असतात, म्हणून ‘आज गाडीत बसल्यावर पुन्हा विचार करीन’ एवढेच स्वतःला सांगावे. गाडीत शिरल्यावर, विशेषतः उभ्याने प्रवास करताना, तो विचार टिकत नाही.

खायचेच ठरले तर एक वडा खावा, पण तो थांबून, चवीने खावा. तळणाचे तेल काळपट आणि फेसाळ दिसत असेल तर मात्र तिथून निघावे. वारंवार तापवलेल्या तेलात घातक घटक साचतात आणि भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा एकूण ध्रुवीय घटकांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. ती मोजण्याचे साधन ग्राहकाकडे नसते, त्यामुळे रंग, वास आणि फेस यांवरच भिस्त ठेवावी लागते. वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिलेले तेलकट खाणेही नाकारावे, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. हा इशाराही प्राधिकरणाने दिलेला आहे.

रात्री अकरानंतर फोनवरून काहीतरी मागवण्याची सवय लागली आहे. ती कशी मोडावी?

या सवयीचे मूळ बहुधा अपुऱ्या झोपेत असते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात बारा निरोगी तरुणांना दोन रात्री प्रत्येकी चारच तास झोपू दिले, तेव्हा त्यांच्यातील लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी झाले, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची ओढ विशेष वाढली. कर्जत-कसाऱ्याहून किंवा विरारहून पहाटेची गाडी पकडणाऱ्या आणि रात्री उशिरा झोपणाऱ्या माणसाची अवस्था याहून फारशी वेगळी नसते.

झोपेचे तास वाढवणे प्रत्येकाच्या हातात नाही, हे मान्य आहे. जेवण घरी पोहोचल्यानंतर लगेच घेणे, फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत लावणे आणि पैसे देण्याची माहिती अॅपमध्ये साठवून न ठेवणे हे मात्र जमण्यासारखे आहे. एका खोलीच्या घरात दुसरी खोली कुठून आणायची, असा प्रश्न रास्त आहे. तिथे रात्री दहानंतर अॅपच्या सूचना बंद राहतील अशी व्यवस्था करावी. सवलतीची सूचना आली नाही तर अनेकांना खाण्याची आठवणही होत नाही. खरोखरच भूक लागली असेल तर कोमट दूध किंवा दहीभात घ्यावा.

पाकिटावरची माहिती कशी वाचावी?

हातात शेवेचे किंवा फरसाणाचे दोनशे ग्रॅमचे पाकीट आहे असे समजा. पुढच्या बाजूचा मजकूर सोडून द्यावा आणि पाकीट उलटे करावे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, त्यामुळे पहिल्या तिनांत पामतेल, मैदा किंवा साखर असेल तर पदार्थ कशाचा बनला आहे ते लगेच कळते. साखर अनेक नावांनी येते: लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज. माल्टोडेक्स्ट्रिन दिसले तर तेही जवळजवळ साखरेसारखेच चटकन पचते हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर तक्ता पाहावा. शेव-फरसाणात १०० ग्रॅममागे बहुधा पाचशे ते सहाशे किलोकॅलरी असतात. शेजारी एका वेळच्या वाढपाचे, समजा तीस ग्रॅमचे, आकडे असतील तर ते वाचून समाधान मानू नये, कारण मालिका बघताना तीस ग्रॅमवर हात थांबत नाही. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे वजन मिळते. १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ झाले. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमपेक्षा कमी आहे आणि त्यात घरच्या आमटी-भाजीतले व लोणच्यातलेही मीठ मोजायचे आहे.

‘बेक्ड’, ‘मल्टिग्रेन’ किंवा ‘डाएट’ लिहिलेला चिवडा घेतला तर चालेल का?

तळलेल्यापेक्षा भाजलेल्या चिवड्यात तेल कमी असू शकते, पण मीठ आणि साखर कमी असेलच असे नाही. तक्ता पाहूनच ठरवावे. घरी पातळ पोहे कढईत कोरडे भाजून, फोडणीत मोजून दोन चमचे तेल घालून, शेंगदाणे आणि डाळे सढळ हाताने टाकून केलेला चिवडा आम्हांला केव्हाही सरस वाटतो, आणि तोही वाटीत काढून घेऊनच खावा, डब्यातून थेट नव्हे.

शीतपेय, ज्यूस आणि चहाचे काय?

साध्या कोलाच्या तीनशे मिलिलिटरमध्ये साधारण तीस ग्रॅमच्या पुढेच साखर असते, म्हणजे सहा-सात लहान चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली व तत्सम साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी, आणि शक्यतो पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमपर्यंत असावी. गाळलेला फळांचा रसही याच हिशेबात धरला जातो. टपरीवरचा चहा दिवसातून चार वेळा घेणाऱ्यांनी त्यातलीही साखर मोजावी. ती एकदम बंद न करता दर आठवड्याला थोडी कमी केली तर जीभ सहज जुळवून घेते. शहाळे, साखर न घातलेले लिंबूपाणी आणि बिनसाखरेची सोलकढी यांना आमची पसंती आहे.

पूर्ण बंद करावे की अधूनमधून खावे?

बहुतेकांना अधूनमधूनच जमते. कडक बंदी घातलेला पदार्थ मनात जास्त घोळत राहतो आणि एकदा मोडल्यावर ‘आता आजचा दिवस गेलाच’ म्हणून माणूस भरपूर खातो. त्यापेक्षा रविवारची पावभाजी कुटुंबासोबत, बसून, ठरवून खावी. काही जणांना मात्र एखादा पदार्थ सुरू केल्यावर थांबताच येत नाही. त्यांनी तेवढा पदार्थ घरात आणू नये. महिन्याचे सामान भरताना घरातल्या सगळ्यांनी मिळून हे ठरवलेले बरे, कारण घरी जे नसते त्यासाठी जिने उतरून जावे लागते.

कार्यालयात कोणाचा तरी वाढदिवस असतोच. नाही म्हटले तर वाईट दिसते.

केकचा लहानसा तुकडा घेऊन शुभेच्छा द्याव्यात आणि सोबतचे समोसे-वेफर्स सोडावेत. आग्रह करणाऱ्याला कारणांची यादी न देता ‘आत्ताच खाल्ले आहे’ एवढे सांगितले की पुरते, आणि साडेचारचे खाणे झालेले असेल तर ते खरेही असते. वरिष्ठांनी मनावर घेतल्यास फळे आणि ढोकळा मागवण्याची प्रथाही पडू शकते.

उपवासाच्या दिवशी तरी पोटाला विश्रांती मिळते ना?

साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स, तळलेले वडे आणि केळ्याचे चिप्स खाल्ले तर मिळत नाही. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. त्या खिचडीत जी काही प्रथिने असतात ती दाण्याच्या कुटातून येतात. वरीचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, रताळे, फळे असा उपवास केल्यास संध्याकाळी डोके दुखत नाही आणि दुसऱ्या दिवशी तळलेल्यावर तुटूनही पडावेसे वाटत नाही.

मुलांना शाळेच्या बाहेरच्या गाड्यांपासून कसे दूर ठेवावे?

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार स्निग्धांश, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकण्यास मनाई आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेच्या प्रमाणाची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. पालक सभेत या दोन्ही गोष्टींविषयी विचारावे. मुंबईच्या अरुंद रस्त्यांवर हे अंतर पाळले जात नसेल, तर पालकांनी एकत्र येऊन शाळेकडे लेखी मागणी करावी असे आम्हांला मनापासून वाटते, कारण आठ वर्षांच्या मुलाकडून संयमाची अपेक्षा करून आपण मोठ्यांची जबाबदारी त्याच्यावर ढकलतो. घरी शाळेतून आल्याबरोबर थालीपीठ-दही, पोळीचा लाडू किंवा अंड्याची पोळी तयार असेल तर पाकीट फोडण्याची वेळ येत नाही. अभ्यास केल्याचे बक्षीस म्हणून चॉकलेट किंवा पिझ्झा देऊ नये.

रोज चालतो, मग खाल्लेले भरून निघत नाही का?

सत्तर किलोच्या आसपास वजन असलेला माणूस तासभर झपझप चालला तर साधारण २५० ते ३०० किलोकॅलरी खर्च होतात. शिवाजी पार्कला तासभर फेऱ्या मारून कट्ट्यावर एक वडापाव खाल्ला की हिशेब तिथेच मिटतो. चालण्याचे हृदय, स्नायू, रक्तातील साखर, झोप आणि मनःस्थिती यांवर होणारे फायदे स्वतंत्र आहेत आणि त्यांसाठी ते जरूर करावे.

माझे वजन बरोबर आहे. मग मी काळजी का करावी?

भारतीयांमध्ये हातपाय सडपातळ असतानाही पोटाभोवती चरबी साठण्याची प्रवृत्ती आढळते, म्हणून काट्यासोबत मोजपट्टीही वापरावी. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर तो इशारा समजावा. उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या देहभार निर्देशांकाची (बीएमआय) सावधगिरीची पातळीही आपल्यासाठी २५ ऐवजी २३ धरली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

थोड्या वेळात खूप खाल्ले जाते, थांबता येत नाही, नंतर अपराधी वाटते किंवा उलटी काढली जाते, असे वारंवार होत असेल तर तो खाण्याशी निगडित मानसिक आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. माती, खडू, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खाण्याची ओढ असेल तर रक्तातील लोह तपासावे. मासिक पाळीपूर्वी गोडाची ओढ वाढणे सर्वसामान्य आहे, पण तहान, लघवी आणि भूक तिन्ही वाढून वजन उतरत असेल तर साखर लगेच तपासावी.

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना अचानक कडकडून भूक लागली, घाम फुटला, हात थरथरू लागले किंवा गोंधळल्यासारखे झाले, तर ती तलफ समजून दाबू नये. रक्तातील साखर उतरल्याची ती लक्षणे असू शकतात. अशा वेळी तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून ताबडतोब घ्यावे, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, गरज पडल्यास तेवढेच पुन्हा घ्यावे आणि बरे वाटल्यावर काहीतरी पोटभरीचे खावे. लोकलने प्रवास करणाऱ्या अशा प्रत्येकाच्या खिशात, बॅगेत नव्हे, ग्लुकोजची पुडी असावी, कारण गर्दीत बॅग वरच्या फळीवर जाते.